पूर्णपणे असमर्थ

४ जानेवारी
आज चिंगीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. नऊ वाजता तिला शुभेच्छा दिल्या, साडेनऊला टपाल आलं आणि तिचा आरोग्य विमा संपल्याचं कळलं. पत्र वेळेवर आलं याचं मला बरं वाटलं. आमच्या वेळी अशी पत्रं महिना-दीड महिना उशिरा जायची.

मुलांना आईवडिलांच्या कार्डावर पंचविशीपर्यंतच ठेवता येतं. हे मला कुणी सांगायला नको. एकतीस वर्षं मी त्याच विमा कार्यालयात काढली, शेवटची नऊ मुख्य लिपिक म्हणून. त्यामुळे काळजीचं कारण नाही. कागद नीट असले की काम होतं. ही वही प्रकरणाच्या नोंदीपुरती ठेवतो आहे.

प्रकरण असं. चिंगीच्या पाठीच्या कण्यात जन्मापासून दोष आहे. पाय चालत नाहीत, लघवी आपोआप होत नाही. दिवसातून पाच वेळा ती स्वतः नळी घालून मोकळी होते. प्रत्येक वेळी नवी नळी, वापरली की टाकायची. नळ्या, व्हीलचेअरची गादी, मूत्रपिंडाच्या तपासण्या, सगळं कार्डावर व्हायचं. सध्या घरात नळ्यांचं एक खोकं आहे. मी दोघींना सांगितलं, तेवढ्यात काम होऊन जाईल.

सौ. म्हणाली, "अहो, अर्ज महिनाभर आधीच द्यायला हवा होता." तिला समजावलं, की मुदत संपण्याआधी केलेला अर्ज वेळेपूर्वीचा म्हणून परत येतो. तिला कार्यालयीन कामाची सवय नाही.

९ जानेवारी
चिंगीला घेऊन कार्यालयात गेलो. खिडकीवर नवी मुलगी आहे, तिने मला ओळखलं नाही. हरकत नाही.

"वय?"

"पंचवीस पूर्ण."

"मुलांची खिडकी पंचविशीपर्यंत, ज्येष्ठांची साठच्या पुढे," ती म्हणाली.

"आणि मधले?"

"मधले कामाला जातात ना, काका."

चिंगी इतक्या जोरात हसली, की रांगेतले लोक वळून बघायला लागले. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "मलाही कामाला उशीर होतोय, बाबा. मी निघते." आणि खरंच खुर्ची वळवून निघून गेली. आठवड्यातून तीन दिवस ती एका आर्किटेक्ट बाईंकडे नकाशे काढायला जाते. विरंगुळा म्हणून उत्तम आहे.

मी तासभर थांबलो. शेवटी आतल्या कपाटातून तिसरा अर्ज निघाला, 'प्रौढ आश्रित'. त्यावरची धूळ मीच रुमालाने पुसली. सोबत डॉक्टरांचा अहवाल हवा, मग वैद्यकीय मंडळापुढे तपासणी.

२१ जानेवारी
अहवालाचं अडलं. मुलांच्या इस्पितळात चिंगी जन्मापासून जाते. भिंतीवर मासे रंगवलेल्या त्या खोलीत तिचे गुडघे टेबलाखाली मावेनासे झाले त्यालाही दहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, आता ती मोठी झाली, मोठ्यांच्या इस्पितळात जा. मोठ्यांच्या इस्पितळात म्हणाले, हा लहान मुलांचा आजार आहे, तिकडेच जा.

"म्हणजे पंचविशीला हा आजार बरा होतो," चिंगी म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

मासेवाल्या डॉक्टरांनी अखेर जुन्या ओळखीवर अहवाल दिला. वर मोठ्या अक्षरांत 'बालरुग्ण' छापलेलं आहे. मी ते खोडून बाजूला त्यांची सही घेतली.

४ फेब्रुवारी
सौ. म्हणते, तोवर नळ्या बाहेरून विकत आणू. मी स्पष्ट नाही म्हटलं. विकत घेतल्या म्हणजे ऐपत आहे असा अर्थ निघतो आणि प्रकरण कमकुवत होतं. शिवाय घाई काय? ते खोकं अजून चाललंय. एवढे दिवस पुरलं, याचा अर्थ पूर्वी जरा सढळ हातानेच वापर होत होता. चिंगीला तसं म्हणालो. ती म्हणाली, "हो बाबा, आता जपून वापरते."

एकूणच हल्ली ती टापटिपीने राहते. कामावर नेलेली पाण्याची बाटली संध्याकाळी जशीच्या तशी भरलेली परत येते.

सौ. मात्र चिडचिडी झाली आहे. स्वयंपाकघरात झाकण ठेवून काहीतरी उकळत होती. काय आहे विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या कामाचं नाही."

१८ फेब्रुवारी
काल मंडळापुढे तपासणी झाली. परवा पूर्ण दुपार चिंगीची तयारी करून घेतली होती. खोटं काही बोलायचं नाही, पण खरं थोडं कमी बोलायचं. प्रश्न विचारला की आधी माझ्याकडे बघायचं. नकाशांचा विषय काढायचा नाही. ती निमूट ऐकत होती. मला वाटलं, तिला पटलं.

मंडळाची खोली तळमजल्यावर, पण दारात तीन पायऱ्या. बाजूला एक उतार बांधलाय, त्यावरून चिंगीची खुर्ची मागे घसरायला लागली. शिपाई आणि मी मिळून ढकलली. आत तीन डॉक्टर होते. मधल्यांनी विचारलं, "येताना त्रास झाला का?" एवढा सोयीचा प्रश्न! मी मनात म्हटलं, आता नुसती मान हलव.

चिंगी म्हणाली, "तुमचा उतार चुकलाय. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी लागते. तुम्ही ते सहा फुटांत उरकलंय. पण भिंतीच्या कडेने वळवून घेतलात तर जागा पुरेल." आणि त्यांच्याच कागदाच्या मागे आकृती काढून दाखवली. तिघे डॉक्टर टेबलावर वाकून बघत होते. मधल्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, तिला म्हणाले, "शाब्बास!"

ते 'शाब्बास' ऐकलं आणि प्रकरण हातचं गेलं हे मला कळलं.

परत येताना ती म्हणाली, "बाबा, पुढच्या माणसाची खुर्ची तरी घसरणार नाही." मी म्हटलं, पुढच्या माणसाचं पुढचा माणूस बघेल.

२ मार्च
अर्ज नामंजूर. 'अर्जदार कमावण्यास असमर्थ असली तरी पूर्णपणे असमर्थ असल्याचे दिसून येत नाही.' वाईट वाटलंच, पण मसुदा नेटका आहे हे मान्य केलं पाहिजे. एकही शब्द जास्त नाही. 'पूर्णपणे' तर नेमका जागच्या जागी बसलाय. हल्लीच्या मुलांना इतकं चांगलं लिहिता येतं याचं नवल वाटलं.

३ मार्च
तो शब्द माझा आहे.

६ मार्च
दोन दिवस लिहिलं नाही. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो.

त्याला वीस वर्षं झाली. प्रौढ आश्रितांचा नियम तयार होत होता. मूळ मसुद्यात 'कमावण्यास असमर्थ' एवढंच होतं. त्या काळात खोटे दाखले फार येत. मी टिपण ठेवलं, की 'असमर्थ'च्या आधी 'पूर्णपणे' घालावं, म्हणजे गैरफायदा घेता येणार नाही. मोठ्या साहेबांनी टिपणावर 'उत्तम सूचना' असा शेरा मारला. असा शेरा मला नोकरीत दोनदाच मिळाला. त्या संध्याकाळी घरी येऊन मी सौ.ला तो किस्सा सांगितला होता. चिंगी पाच वर्षांची होती, माझ्या मांडीवर बसून ऐकत होती.

तेव्हा चिंगी माझ्या डोळ्यांसमोर नव्हती का? मांडीवर होती. पण नियम लिहिताना मांडीवर कोण आहे ते बघायचं नसतं, असं आम्हाला शिकवलं होतं.

घरात बोललो नाही. अपिलाचा मसुदा करायला घेतला.

१४ मार्च
अपिलाचा नववा मसुदा. कुठूनही सुरुवात केली तरी 'पूर्णपणे' आडवा येतो. खोटे दाखलेवाले सगळी दारं शोधून बाहेर पडले असणार आणि मी बांधलेल्या भिंतीवर डोकं आपटायला एकटी चिंगी उरली, असं काहीतरी मनात येतं. हे अपिलात लिहिता येत नाही.

चिंगी दोन दिवस कामावर गेली नाही. अंग मोडून आलंय म्हणाली.

२० मार्च
काल सकाळी चिंगीला थंडी वाजून ताप भरला. बोलताना शब्द इकडचे तिकडे व्हायला लागले. मोठ्यांच्या इस्पितळात नेलं. तातडीच्या विभागात कुणी वय विचारलं नाही, लगेच आत घेतलं.

डॉक्टरीण तरुण होती. तिने विचारलं, "नळी दर वेळी नवीच वापरता ना?"

चिंगी छताकडे बघत राहिली. सौ. रडायला लागली.

नऊ जानेवारीपासून ती एकेक नळी धुऊन पुन्हा वापरत होती. सौ. त्या उकळून द्यायची. नळ्या कमी लागाव्यात म्हणून चिंगी पाणीच पीत नव्हती. घरात आम्ही तिघं. दोघींना माहीत होतं.

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं. "विकत आणल्या असत्या."

"प्रकरण कमकुवत झालं असतं ना, बाबा," ती म्हणाली. तापात होती, तरी टोमणा बरोबर बसला. टोमणा नसेलही. तेच जास्त लागलं.

३१ मार्च
चिंगी घरी आली. उजव्या मूत्रपिंडाला कायमची इजा झाली आहे. आता दर दोन महिन्यांनी तपासणी. नळ्यांची चार खोकी मी विकत आणून तिच्या खोलीत ठेवली. उघडून मोजून घे म्हटलं. ती म्हणाली, "तुम्हीच मोजा. तुम्हाला बरं वाटेल." मी मोजल्या.

१५ एप्रिल
इस्पितळाचे कागद जोडून मागितलेली फेरतपासणी आज झाली. मंडळाच्या दारातला उतार तोडून नवा बांधलाय, भिंतीच्या कडेने, चिंगीने काढला होता तसाच. खुर्ची एका हाताने वर गेली. आत मधल्या डॉक्टरांनी इस्पितळाचे कागद चाळले, चिंगीकडे एकदाही न बघता दहा मिनिटांत दाखला लिहिला. 'कमावण्यास पूर्णपणे असमर्थ.' उताराबद्दल कुणी काही बोललं नाही.

दाखला घेऊन खिडकीवर गेलो. ती मुलगी आता ओळखते. वाचून म्हणाली, "अभिनंदन, काका!"

मी "आभारी आहे" म्हटलं. पोचही घेतली. पायऱ्या उतरताना कळलं, की आपलं अभिनंदन कशाबद्दल झालं. तीन महिन्यांपूर्वी मुलगी धडधाकट मनाने आणि दोन मूत्रपिंडांनी आली होती, तेव्हा तिला कार्ड मिळालं नाही. कार्ड नव्हतं म्हणून एक मूत्रपिंड गेल्यात जमा झालं, आणि आता कार्ड मिळतंय. नियम काटेकोर पाळला गेला आहे. कुणीही चुकलेलं नाही.

फक्त एका प्रतिज्ञापत्रावर तिची सही बाकी आहे. 'मी कोणतेही काम करीत नाही व करण्यास समर्थ नाही.'

१६ एप्रिल
ती सही करत नाही.

आर्किटेक्ट बाईंनी तिला कायम घ्यायचं ठरवलंय. हे जानेवारीतच ठरलं होतं म्हणे. मी प्रकरणात गुंतलो होतो म्हणून मला सांगायचं राहिलं. बाईंकडे चारच माणसं, तिथे विमा-बिमा काही नाही.

मी आवाज चढवला. "नळ्या महत्त्वाच्या की नकाशे?"

"नळ्या कशाला लागतात मला?" तीही चढल्या आवाजात म्हणाली. "घरात बसून तुमचे मसुदे ऐकायला? नळ्या आहेत म्हणून मी कामावर जाऊ शकते, आणि कामावर जाते म्हणून नळ्या मिळत नाहीत. हे ज्याने लिहिलं त्याला बोला."

सौ. मध्ये पडली, "अगं, पुरे आता." मी म्हटलं, थांब, तिला बोलू दे. आणि सांगून टाकलं. टिपण, साहेबांचा शेरा, सगळं.

चिंगी म्हणाली, "मला माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी मी नियमाची मूळ फाइल मागवून वाचली होती. पंचवीस पूर्ण व्हायला आली म्हणून. टिपणाखाली तुमची सही आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं मन लावून अर्ज लिहीत होतात," ती म्हणाली.

मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. काही वेळाने सौ. चहा घेऊन आली आणि शेजारी उभी राहिली. फाइलचं तिलाही माहीत होतं, हे मी न विचारता ओळखलं.

२२ एप्रिल
अपील आता चिंगी सांगते आणि मी लिहून घेतो. तिचं म्हणणं, माझं अक्षर चांगलं आहे, तेवढं वापरू. माझ्या हातून सवयीने तीन ठिकाणी 'विनम्र' पडलं. तिन्ही तिने खोडायला लावली. 'दयार्द्र दृष्टीने' खोडलं. 'दुर्दैवी कन्या' तर तिने स्वतःच पेन घेऊन खोडलं.

राहिलं ते एक पान. त्यात एवढंच, की काम करता यावं म्हणून मला विमा हवा आहे, आणि काम सोडल्यावर मिळणारा विमा मला नको. मी म्हटलं, हे फार उघडं वाटतं. ती म्हणाली, "वाटू दे."

८ मे
सुनावणी. अपिलाचे अधिकारी निघाले माझ्याच हाताखालचे. त्यांना टिपण कसं लिहायचं ते मी शिकवलेलं. मला बघून खुर्चीतून उठलेच. "साहेब! या ना, या. काय म्हणते मुलगी?"

मी तोंड उघडलं होतं. चिंगी म्हणाली, "बाबा बाहेर बसतील."

पस्तीस मिनिटं बाहेरच्या बाकावर बसलो. एकतीस वर्षं मी दाराच्या आतल्या बाजूला होतो, हा बाक इतका अरुंद आहे हे माहीत नव्हतं. शेजारी तीनचार तरुण मंडळी होती. एकाला दिसत नव्हतं, एकीला कृत्रिम पाय. सगळी मधली, पंचवीस ते साठमधली. प्रत्येकाच्या हातात नामंजुरीचं पत्र. एकीने मला वाचायला दिलं. पत्रातला तो शब्द मी लांबूनच ओळखला.

चिंगी बाहेर आली. मी उठलो. "काय म्हणाले?"

"विचार करतो म्हणाले. आणि तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

२७ मे
निर्णय आला. चिंगीला काम करत असतानाही कार्ड मिळेल. दर वर्षी नव्याने तपासणी. सौ.ने मला पत्र तीनदा मोठ्याने वाचायला लावलं. चिंगी तेव्हा कामावर होती. फोनवर सांगितलं तर "बरं" म्हणाली, मग काही ऐकू येईना. आर्किटेक्ट बाईंनी फोन घेतला, म्हणाल्या, "रडतेय. जरा वेळाने करा."

पत्राच्या शेवटी ओळ आहे, 'सदर निर्णय पायंडा मानू नये.' नियमातला शब्द जिथे होता तिथेच आहे.

संध्याकाळी चिंगीने त्या एका पानाच्या प्रती काढल्या. उद्या त्या बाकावर नेऊन द्यायच्या म्हणाली. मी ती ओळ दाखवली. ती म्हणाली, "पायंडा नको मानू दे त्यांना. नमुना म्हणून चालेल ना?"

१३ जून
त्या नमुन्यावरून चौदा अपिलं दाखल झाली. आज परिपत्रक निघालं. 'अपील ही अन्य अपिलाची नक्कल नसावी. अर्जदाराने आपले म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडावे.' चौदाही परत.

चिंगीला फोन केला. मला वाटलं, ती संतापेल. ती म्हणाली, "ठीक आहे. मग स्वतःच्या शब्दांत लिहू देत. तुम्ही सोमवारी रिकामे आहात ना? लिहून घ्यायला कुणीतरी हवं. सुधारायला नाही हं, बाबा. लिहून घ्यायला."

१६ जून
बाकावर पहिला आला तो तिशी ओलांडलेला एक गृहस्थ. घड्याळं दुरुस्त करतो. हात ठीक चालतात, पण मान आणि जीभ त्याच्या ताब्यात नाहीत. एकेक शब्द बाहेर यायला फार वेळ लागतो. सुरुवातीला त्याचा शब्द अडकला की मी पुढचा सुचवत होतो. दोनदा सुचवला, दोन्ही वेळा त्याने मान हलवली. दोन्ही वेळा शब्द वेगळाच निघाला, आणि माझ्यापेक्षा चांगला. त्यानंतर मी पेन हातात धरून नुसता थांबलो. खिडकी दुपारची बंद झाली, पुन्हा उघडली.

सहा ओळी झाल्या. मी त्या त्याला सावकाश वाचून दाखवल्या आणि विचारलं, "बरोबर?"

त्याच्या ओठांवर 'ब' आला आणि तिथेच राहिला. मी वाट बघत होतो. 'बरोबर' म्हणायला त्याला इतके कष्ट पडू नयेत, नुसती मान हलवली तरी चालेल, असं सांगावंसं वाटत होतं. सांगितलं नाही.

"बदल करा," तो म्हणाला. "दुसऱ्या ओळीत."

केला.